एसएसडी कॉपी आणि लॅपटॉप चार्जिंग, दोन्हीला एकच सी-टू-सी केबल मिळेल का?

फ्रेमवाला_सांगली

मंडळी जरा मदत करा, डोकं उठलंय या केबलपायी. मी लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करतो. दोन कॅमेरे, दोन्ही फोर-के १०० एमबीपीएसवर, म्हणजे एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी धरा, हळदीपासून रिसेप्शनपर्यंत दिवसाला अडीचशे जीबी कुठं गेले नाहीत. रात्री हॉलवरच कार्ड लॅपटॉपवर उतरवतो आणि तिथून पोर्टेबल एसएसडीवर दुसरी कॉपी मारतो, ती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करत नाही. एसएसडीच्या खोक्यावर १०५० एमबी पर सेकंद लिहिलंय. तिच्यासोबत आलेली वीतभर केबल एका हॉलवर गहाळ झाली आणि तेव्हापासून मोबाइलच्या चार्जरची सी-टू-सी केबल लावतोय तर स्पीड ३८-४० एमबीच्या वर जातच नाही. अडीचशे जीबीला पावणेदोन तास! मांडववाले खुर्च्या रचून जातात, आचारी भांडी भरून टेम्पो घेऊन जातात आणि मी आपला त्या हिरव्या पट्टीकडं बघत बसलेलो.

दुसरी भानगड चार्जिंगची. लॅपटॉप सी पोर्टवर चार्ज होतो, चार्जर १०० वॅटचा. त्यालाही हीच मोबाइलची केबल लावत होतो तर एक्स्पोर्ट लावला की प्लग चालू असूनसुद्धा बॅटरी उतरत जायची. म्हणून बाजारातून नवी केबल आणली, दीड मीटरची, चांगली जाड, विणलेली, पाकिटावर ठळक '२४० वॅट, हाय स्पीड डेटा'. चार्जिंगचा प्रश्न मिटला, बॅटरी उतरत नाही. पण एसएसडीला लावली तर परत तेच, ४० एमबी. २४० वॅट म्हणजे सगळ्यात वरची ना? मग डेटाला काय धाड भरली?

बॅगेत एकच केबल ठेवायची आणि दोन्ही कामं झाली पाहिजेत अशी काहीतरी सुचवा. बजेट दोन हजारापर्यंत.

तारेवरची_कसरत

भावा ४० एमबी म्हणालास तिथंच निदान झालं. हा यूएसबी २.० चा आकडा आहे. ४८० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून भागिले आठ म्हणजे कागदावर ६० एमबी, त्यातलं प्रत्यक्षात हातात येतं ३५ ते ४०. तुझी एसएसडी कितीही भारी असू दे आणि पोर्ट कसलंही असू दे, केबल २.० ची असली की सगळ्यांनी त्याच चालीनं चालायचं.

वॅटचा आणि डेटाचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा घोळ मिटतो. सी केबलमध्ये वीज नेणाऱ्या तारा वेगळ्या आणि डेटाच्या वेगळ्या. यूएसबी २.० ला डेटाच्या फक्त दोन तारा लागतात, फास्ट डेटाला त्याच्यावर आणखी आठ तारा लागतात, चार जोड्या. त्या आठ टाकल्या की केबल महाग होते, मग त्या गाळायच्या आणि सगळं तांबं विजेला द्यायचं, झाली तुझी २४० वॅटची केबल तयार. जाड आहे, चांगली आहे, चार्जिंगला एक नंबर आहे, पण डेटा मोबाइलच्या केबलइतकाच. नामांकित कंपन्याही हेच करतात, ॲपलची दोन मीटरची २४० वॅटची चार्ज केबलसुद्धा डेटाला २.० च आहे आणि तसं ते स्पष्ट लिहितात.

आणि गंमत म्हणजे पाकिटावरचं 'हाय स्पीड' खोटं पण नाही. २००० साली यूएसबी २.० आलं तेव्हापासून ४८० एमबीपीएसचं अधिकृत नावच हाय-स्पीड आहे. ग्राहक मंचात गेलास तरी दुकानदार हसत बाहेर येईल.

तुला आकडा बघायचाय तो जीबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती गिगाबिट. १०५० एमबीवाली एसएसडी म्हणजे १० जीबीपीएसची, तिला केबलवर किमान १० जीबीपीएस लिहिलेलं पाहिजे. नुसतं '३.०', '३.१', '३.२' यावर जाऊ नको, त्या नावांची इतक्या वेळा अदलाबदल झालीय की ३.२ लिहिलेली केबल ५ ची पण असू शकते, १० ची पण आणि २० ची पण.

पोर्ट_पुणे३०

थंडरबोल्ट ४ ची केबल घ्या, सी टोकाचीच पण सगळ्यात फास्टपैकी, आणि विषय संपवा. ४० जीबीपीएस, १०० वॅट, मॉनिटर पण चालतो, सगळं एकात. लॅपटॉप लाखाचा घ्यायचा, कॅमेरे दोन-दोन लाखाचे आणि केबलला पाचशे रुपयांत घासाघीस, हे गणित मला आजतागायत कळलेलं नाही. बाकी चर्चा चालू द्या.

तारेवरची_कसरत

@पोर्ट_पुणे३० तत्त्वतः मान्य, पण त्याची एसएसडी १० ची आहे, ४० ची केबल लावली म्हणून ती ४० नं पळणार नाही. आणि दोन मीटरची खरी थंडरबोल्ट ४ त्याच्या बजेटमध्ये बसत नाही, ८० सेंटीमीटरची बसेल कदाचित.

लॅमिंग्टन_रिपेअर

मी दुरुस्तीचं काम करतो, रोज दोन-चार पोर्ट उकलतो म्हणून सांगतो. दादा तुम्ही एक केबल हा हट्टच सोडा. पहिलं म्हणजे एकच केबल बॅगेत असली तर एसएसडीची कॉपी चालू असताना लॅपटॉप चार्ज कशावर करणार? रात्री बारा वाजता बॅटरी पंधरा टक्के, कॉपी निम्मी, मग काय करायचं?

दुसरं म्हणजे लांबी. डेटा जेवढा फास्ट तेवढी केबल आखूड, हा तारेचा धर्म आहे, त्याला कुठल्या कंपनीचा इलाज नाही. साधी केबल, म्हणजे आत सिग्नल वाढवणारी चिप नसलेली, ४० जीबीपीएस धड नेते ती साधारण ८० सेंटीमीटरपर्यंत. १० जीबीपीएसला एक मीटर. ५ ला दोन मीटर. त्याच्यापुढं जायचं तर ॲक्टिव्ह केबल, टोकांमध्ये चिप असलेली, आणि तिथं किंमत चढते. कुणी तुम्हाला दोन मीटर लांब, ४० जीबीपीएस, पाचशे रुपये असं दाखवलं तर हात जोडून पुढं निघा. जुन्या थंडरबोल्ट ३ च्या दोन मीटरवाल्या ॲक्टिव्ह केबली सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतात त्याही घेऊ नका, त्यातल्या बहुतेक थंडरबोल्टच्या डिव्हाइसला ४० देतात पण साधी यूएसबी एसएसडी लावली की परत २.० वर घसरतात. हा दोष थंडरबोल्ट ४ मध्ये काढून टाकला.

आता चार्जिंगला तुम्हाला काय लागतं? हॉलवर प्लग कुठं असतो, स्टेजच्या मागं नाहीतर एसीच्या खाली, टेबलापासून लांबच. तिथं दोन मीटर पाहिजे. म्हणजे एका कामाला लांब आणि एका कामाला आखूड, एकाच केबलमध्ये कसं बसवणार? शिवाय चार्जिंगच्या केबलला कुणाचा ना कुणाचा पाय अडकतोच, नवरदेवाची भाची धावत येते आणि केबल ओढली जाते. त्या हिसक्यांनी आधी डेटाच्या बारीक जोड्या निखळतात, वीज चालूच राहते, त्यामुळं माणसाला पत्ता लागत नाही.

तर तुमची २४० वाली आहे ती चार्जिंगला ठेवा, पैसे वाया गेलेले नाहीत. एसएसडीला अर्धा ते एक मीटरची १० किंवा २० जीबीपीएसची घ्या, हजाराच्या आत येईल. ४० ची ८० सेंटीमीटरवाली परवडत असली तर ती घ्या, पुढं एसएसडी बदलली तरी चालेल. दोन्हींच्या टोकाला दोन रंगाची इन्सुलेशन टेप मारा, असिस्टंटला नुसतं रंग सांगायचा.

दुकानात उभ्या उभ्या एक तपासणी करता येते. मोबाइलचा टॉर्च केबलच्या टोकात मारा. आत वर आणि खाली पिनांची रांग दिसते. दोन्ही रांगांत मिळून आठ पिनांच्या जागा रिकाम्या दिसल्या, प्रत्येक रांगेत कडेच्या पिनेला लागून दोन-दोन, तर ती २.० च, दुकानदार काही म्हणो. उलट मात्र खरं नाही, पिना सगळ्या आहेत म्हणून आत तारा सगळ्या असतीलच असं नाही, पिन बसवून तार न जोडलेल्या केबली मी स्वतः कापून बघितल्यात.

खानावळ_रूम_नं_४

मध्येच विचारतो, २४० वॅटची केबल मोबाइलला लावली तर मोबाइल जळेल का हो? आमचा रूममेट हात लावू देत नाही.

निवृत्त_सर्किट

नाही जळत. केबल वीज ढकलत नाही. चार्जर काय काय देऊ शकतो ते सांगतो, मोबाइल त्यातलं झेपेल तेवढं मागतो, तेवढंच येतं. केबलवरचा आकडा म्हणजे तिची सहन करायची मर्यादा. रूममेटला सांगा, धोका उलट्या बाजूनं असतो, कमी दर्जाच्या केबलमधून जास्त करंट गेला तर. म्हणूनच जास्त करंटच्या केबलमध्ये ई-मार्कर नावाची, केबलला किती झेपतं ते चार्जरला सांगणारी चिप घालायची पद्धत आहे, आणि फ्रेमवाले, तुमच्या उतरणाऱ्या बॅटरीचं उत्तरही तिथंच आहे.

३ अँपिअरपर्यंतच्या, २.० डेटाच्या केबलला ती चिप लागत नाही. मोबाइलसोबतच्या बऱ्याच केबली अशाच असतात. चार्जर केबलला विचारतो, उत्तर आलं नाही की तो ३ अँपिअरच्या वर जातच नाही. २० व्होल्ट गुणिले ३, झाले ६० वॅट. तुमचा चार्जर १०० चा असला तरी हातात ६०, आणि एक्स्पोर्ट चालू असताना लॅपटॉप त्याहून जास्त खात असणार, उरलेलं बॅटरीतून जाणार. नव्या केबलमध्ये चिप आहे, ती ५ अँपिअर सांगते, म्हणून पूर्ण १०० मिळतात.

२४० वॅटचं म्हणाल तर ते २०२१ च्या सुधारणेतून आलं. त्याआधी कमाल २० व्होल्ट आणि १०० वॅट. आता २८, ३६ आणि ४८ व्होल्ट वाढवले, करंट तोच ५. तुमच्या १०० वॅटच्या चार्जरला जुनी १०० वॅटवाली केबलही पुरते, पण उद्या १४० वॅटचा लॅपटॉप घेतला तर त्याला २८ व्होल्ट लागतात, तिथं जुनी केबल १०० वरच अडकेल. आता नवीन घेताना २४० वालीच घ्यावी, किमतीत फार फरक राहिलेला नाही.

चांगल्या केबलचा आग्रह का धरावा याचं एक उदाहरण देतो. गूगलमधले बेन्सन ल्युंग नावाचे इंजिनिअर २०१५ पासून बाजारातल्या सी केबली विकत घेऊन तपासत होते आणि ॲमेझॉनवर परखड रिव्ह्यू लिहीत होते. २०१६ च्या सुरुवातीला एका केबलनं त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणं निकामी केली, कारण आत तारा चुकीच्या जोडल्या होत्या, प्लसच्या जागी ग्राउंड. इतकं टोकाचं क्वचित होतं, पण केबल ही नुसती दोरी नव्हे एवढं त्यावरून कळावं.

सायली_नाशिक

काका तुम्ही आहात तर विचारून घेते. माझ्याकडं मोबाइलचा ८० वॅटचा चार्जर आहे, लाल केबलवाला, चार्जरकडच्या बाजूला मोठी जुनी यूएसबी आणि मोबाइलकडं सी. लॅपटॉप ६५ वॅटचा आहे. ८० म्हणजे पुरायला हवा ना? पण लॅपटॉप दादच देत नाही.

निवृत्त_सर्किट

नाही चालणार ताई. ते ८० वॅट त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचे, त्यांच्याच मोबाइलला मिळणारे. लॅपटॉपला लागतं यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, आणि त्याची बोलणी ज्या पिनेवरून होतात ती जुन्या चौकोनी यूएसबी टोकात नसतेच. लॅपटॉपला दोन्हीकडं सी असलेली केबल आणि पीडी लिहिलेला, ६५ वॅट किंवा वरचा चार्जर लागेल.

गावठी_गॅजेट

हे सगळं ऐकून वाटतंय की सरकारनं एकच केबल सक्तीची करायला पाहिजे. युरोपात केलंच की, २०२४ च्या डिसेंबरपासून मोबाइलला सी पोर्ट बंधनकारक झाला आणि लॅपटॉपला एप्रिल २०२६ ची तारीख दिली.

तारेवरची_कसरत

सक्ती झाली ती भोकाच्या आकाराची रे. आत तारा किती टाकायच्या हे अजून कंपनीच ठरवते, म्हणून तर हा धागा चालू आहे. उलट पूर्वी टोकाच्या रंगावरून तरी कळायचं, निळं टोक बघितलं की ३.० आहे म्हणून. आता सगळ्या केबली दिसायला सारख्या.

त्यातल्या त्यात एक सोय झालीय. यूएसबीची जी संस्था आहे तिनं २०२२ मध्ये लोगो सोपे केले, प्रमाणित केबलवर सरळ आकडे छापतात, '४० जीबीपीएस' आणि '२४० वॅट', किंवा '२० जीबीपीएस' आणि '६० वॅट'. वॅटमध्ये आता दोनच पायऱ्या, ६० आणि २४०. केबलच्या टोकावर असे दोन्ही आकडे दिसले की बरं. एकच आकडा असला, तोही वॅटचा, तर डेटा ४८० एमबीपीएस धरूनच चालायचं. ऑनलाइन घेताना हेडिंग वाचू नका, हेडिंगमध्ये सगळं जग असतं, खाली स्पेसिफिकेशनचा तक्ता उघडा आणि 'डेटा ट्रान्सफर रेट' बघा. तिथं ४८० असतं, अगदी बारीक अक्षरात. आणि रिव्ह्यूत 'नाइस प्रॉडक्ट, फास्ट चार्जिंग' लिहिणाऱ्यांनी डेटा कधी तपासलेला नसतो.

फ्रेमवाला_सांगली

सगळ्यांचे लय आभार, एवढं कुणी दुकानात सांगितलं नसतं. लॅमिंग्टनवाल्या दादांचा चार्जिंग-कॉपी एका वेळीचा मुद्दा पटला, दोन केबलीच घेतो. ४० जीबीपीएसची ८० सेंटीमीटरवाली मागवली, टोकावर दोन्ही आकडे छापलेले आहेत.

केबल आली, काल लावून बघितली. लॅपटॉपला दोन सी पोर्ट आहेत, एकाच्या शेजारी विजेच्या बाणाची खूण आणि दुसऱ्याला काहीच नाही. खूण नसलेल्यात लावली तर ४३०-४४० एमबी आले, मी म्हटलं परत फसलो. मग खुणेच्या पोर्टमध्ये लावली तर ८५० गाठले! पण शंभर-सव्वाशे जीबी झाल्यावर खाली आला, ५००-६०० च्या आसपास रेंगाळत राहिला. एसएसडी हाताला चांगली गरम लागत होती. केबल गरम नव्हती. हे काय प्रकरण?

तारेवरची_कसरत

पहिल्याचं उत्तर, बिनखुणेचा पोर्ट ५ जीबीपीएसचा आहे, ४३०-४४० हा त्याचा आकडा. बाणाची खूण थंडरबोल्टची, त्या पोर्टवर १० जीबीपीएस मिळतंच. मग एसएसडी कायम बाणाच्या पोर्टला आणि चार्जर दुसऱ्याला, दुसऱ्यावर चार्जिंग घेतो का तेवढं एकदा बघून घे, सगळेच सी पोर्ट चार्जिंग घेत नाहीत.

मध्येच स्पीड पडणं केबलचं काम नाही. एसएसडीत सुरुवातीला एक फास्ट लिहायचा भाग असतो, तो भरला की थेट मूळ चिपवर लिहावं लागतं आणि ते सावकाश होतं, वरून तापली की स्वतःच चाल कमी करते. सोफ्यावर, बॅगेवर ठेवू नको, टेबलाच्या उघड्या पृष्ठभागावर ठेव. ५०० म्हटलं तरी अडीचशे जीबी आठ-नऊ मिनिटात होतात, पावणेदोन तासांच्या मानानं तक्रारीला जागा नाही.

लॅमिंग्टन_रिपेअर

आणखी एक, पुढं कधी अचानक परत ४० एमबी दिसले तर केबल फेकू नका. एसएसडीकडचं टोक काढून उलटं फिरवून लावा. सी चं टोक दोन्ही बाजूंनी बसतं पण फास्ट डेटाच्या जोड्या प्रत्येक बाजूला वेगळ्या वापरल्या जातात, एका बाजूच्या पिनेत घाण बसली किंवा जोड सुटला तर त्या बाजूनं २.० आणि दुसऱ्या बाजूनं फास्ट असा खेळ होतो. फिरवून सुधारलं तर पोर्ट लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं साफ करा. लॅपटॉप बंद करून. सुई घालू नका, सुईनं मेलेले पोर्ट माझ्याकडं ढिगानं येतात.

आणि ती लोहचुंबकाची टोकं मिळतात, पोर्टमध्ये बसवून ठेवायची, ती आणि सी ची एक्स्टेन्शन केबल, दोन्ही लांब ठेवा. दोन्ही नियमात बसत नाहीत आणि १०० वॅटला तर अजिबात नको.

फ्रेमवाला_सांगली

दुसरा पोर्ट चार्जिंग घेतोय, बघितलं. आता शेवटचं, कार्डावरून लॅपटॉपवर उतरवायला अजूनही पाऊण तास जातोच, तिथं ९० एमबीच्या वर जात नाही. त्याला पण केबल बदलू का? रीडर जुन्या यूएसबी टोकाचा आहे, निळा.

तारेवरची_कसरत

तिथं केबलचा दोष नाही. निळा म्हणजे ५ जीबीपीएस, भरपूर झालं. ९० एमबी हा कार्डाचा आकडा आहे, साधं यूएचएस-१ (वेगाची पहिली श्रेणी) एसडी कार्ड १०४ च्या वर जात नाही. कार्डावर रोमन एक आहे की दोन ते बघ. यूएचएस-२ ची कार्डं आणि तसाच रीडर घेतला तर ३१२ पर्यंतची वाट मोकळी होते, कार्डाच्या मागं पिनांची दुसरी रांग असते त्यावरून ओळखू येतं. पण ती कार्डं महाग आहेत, आणि तुझ्याकडं दोन कॅमेरे आहेत म्हणून सांगतो, त्यापेक्षा आणखी एक निळा रीडर घे आणि दोन्ही कार्डं एकाच वेळी लाव. दोन्ही आपापल्या ९० नं चालतील, लॅपटॉपच्या आतल्या ड्राइव्हला ते जाणवणार पण नाही. फक्त दोन्ही रीडर एकाच स्वस्तातल्या हबमध्ये खुपसू नको, लॅपटॉपच्या वेगवेगळ्या पोर्टला लाव.